कडक पेडलचं निदान: जुन्या व्ही8 कॅमॅरोचा बूस्टर न बदलता केलेली ब्रेक दुरुस्ती

गाडी 1974 ची शेवरोलेट कॅमॅरो. 5.7 लिटरचं व्ही8 इंजिन, चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स, पुढे डिस्क, मागे ड्रम. ब्रेकला 11 इंची एकेरी डायफ्रॅमचा (रबरी पडद्याचा) व्हॅक्यूम बूस्टर, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पायाच्या जोराला मदत करणारा डबा. इंजिन नव्याने बांधताना त्यात गरम, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त काळ उघडे ठेवणारा, कॅमशाफ्ट बसवला होता: 0.050 इंच लिफ्टला 236 अंश ड्युरेशन (व्हॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ), लोब सेंटर 108. गाडी छान पळत होती, आयडलिंगला तो हवाहवासा धडधडाटही मिळाला होता. ब्रेक मात्र तेव्हापासून बिघडले.

तक्रार नेमकी अशी होती. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना पहिला ब्रेक बरा लागतो. गर्दीत हळू चालताना किंवा गाडी लावताना दोन-तीनदा ब्रेक दाबला की पेडल दगडासारखं कडक होतं. पेडल खाली जात नाही, स्पंजसारखं मऊही लागत नाही. पाय जिथे थांबतो तिथेच थांबतो आणि गाडी सरकत राहते. बूस्टर गेला असं मानून छोटा दुहेरी डायफ्रॅमचा बूस्टर आणि नवा मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दाबात बदलणारा भाग) घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं.

ही तक्रार नीट वाचली तर अर्धं निदान तिच्यातच आहे. पेडल मऊ असेल किंवा हळूहळू खाली बसत असेल, तर दोष ब्रेक ऑइलच्या बाजूला शोधायचा: लाइनमध्ये हवा, मास्टर सिलिंडरचे आतले कप (रबरी सील), मागच्या ड्रमचं सैल ॲडजस्टमेंट. पेडल उंच आणि कडक असेल, तर बूस्टरला मदत मिळत नाही किंवा लायनर पकडत नाहीत. इथे आणखी एक खूण होती. वेगात थ्रॉटल सोडला की इंजिन सर्वांत जास्त व्हॅक्यूम तयार करतं, त्यामुळे पहिला ब्रेक चांगला. आयडलिंगला व्हॅक्यूम पडतो, त्यामुळे तिसरा ब्रेक वाईट. म्हणजे शोध बूस्टरच्या आधी, इंजिनपासून सुरू करायला हवा होता.

आधी हिशेब

बूस्टरच्या पोटात डायफ्रॅमच्या पुढच्या बाजूला इंजिनचा व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि या दोन दाबांतला फरक मास्टर सिलिंडरचा रॉड ढकलतो. मदत किती मिळणार हे दोनच गोष्टींवर ठरतं, डायफ्रॅमचं क्षेत्रफळ आणि व्हॅक्यूम. 11 इंची डायफ्रॅमचं क्षेत्रफळ सुमारे 95 चौरस इंच. 18 इंच पारा व्हॅक्यूमला कागदावर सुमारे 380 किलोचा जोर मिळतो. व्हॅक्यूम 9 इंचांवर आला तर तोच जोर 190 किलो. आतली रिटर्न स्प्रिंग यातलाही थोडा खाते. बूस्टरची मदत संपली की त्यापुढचा सगळा दाब एकट्या पायाचा, आणि पेडल अचानक भिंतीला टेकल्यासारखं वाटतं ते याच क्षणी.

आता तो दुहेरी डायफ्रॅमचा बूस्टर. 8 इंची दोन डायफ्रॅम म्हणजे कागदावर सुमारे 100 चौरस इंच, त्यातून मधल्या भिंतीची आणि सीलची जागा वजा. म्हणजे मूळ 11 इंची एकेरीएवढंच. 7 इंची दुहेरी घेतला तर 77 चौरस इंच, म्हणजे आहे त्यापेक्षाही कमी. छोटा दुहेरी बूस्टर जागा वाचवण्यासाठी उत्तम आहे. 11 इंचीच्या जागी तो बसवून ब्रेक हलके होतील ही आशा फोल आहे. गणित दोन मिनिटांचं आहे, ते न करता लोक बूस्टरवर खर्च करतात याचं वाईट वाटतं.

गेज काय म्हणाला

लागणारी साधनं मोजकी: व्हॅक्यूम गेज, टी-जोड, गेज लावलेला व्हॅक्यूमचा हातपंप, टायमिंग लाइट. पण आधी कोणतंही साधन न लागणाऱ्या तीन तपासण्या.

इंजिन बंद ठेवून पेडल सहा-सात वेळा दाबलं, म्हणजे बूस्टरमधला साठा संपतो. मग पेडल दाबून धरून इंजिन सुरू केलं. चांगल्या बूस्टरला पेडल पायाखाली थोडं खचतं. इथे ते जेमतेम हललं. दुसरी तपासणी: इंजिन मिनिटभर चालवून बंद केलं, दोन मिनिटं थांबून पेडल दाबलं. साठा टिकला असता तर पहिले दोन-तीन दाब हलके लागले असते. पहिलाच दाब कडक लागला. म्हणजे व्हॅक्यूम कुठूनतरी गळत होता. तिसरी ऑइलच्या बाजूची: पेडल जोराने मिनिटभर दाबून धरलं. ते खाली बसलं नाही, तेव्हा मास्टर सिलिंडरचे आतले कप ठीक.

मग गेज थेट इनलेट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांना, लावला. 900 आरपीएमच्या आयडलिंगला 9 इंच, काटा थरथरत. 2500 आरपीएमला स्थिर 17. थ्रॉटल झटकन सोडला की 22. साध्या कॅमच्या निरोगी इंजिनाला समुद्रसपाटीजवळ आयडलिंगला 17 ते 21 इंच मिळायला हवेत. गरम कॅममध्ये इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी जास्त काळ उघडे असतात. कमी आरपीएमला जळलेला वायू मागे इनलेटमध्ये शिरतो, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन चालू ठेवायला थ्रॉटल अधिक उघडा ठेवावा लागतो. थ्रॉटल उघडा म्हणजे व्हॅक्यूम कमी. अशा कॅमला 10-12 इंच समजण्यासारखे, 9 मात्र कमीच. कॅमखेरीज आणखी काहीतरी व्हॅक्यूम खात होतं.

गळती कुठे

बूस्टरच्या तोंडाशी रबरी ग्रोमेटमध्ये (भोकात बसणाऱ्या कडीत) एक एकदिशा व्हॉल्व्ह बसलेला असतो. हवा बूस्टरकडून इंजिनकडे जाऊ द्यायची, उलट नाही, एवढंच त्याचं काम. होज काढून या व्हॉल्व्हच्या नळीला हातपंप लावला आणि 18 इंच ओढले. मिनिटाला 3 इंचांच्या वेगाने काटा उतरला. इथेच बहुतेक जण बूस्टर फाटला असा निकाल देतात.

निकाल देण्याआधी व्हॉल्व्ह आणि ग्रोमेट दोन्ही उपसून काढले. त्या भोकात नळी घातलेलं निमुळतं रबरी बूच घट्ट बसवलं आणि पुन्हा 18 इंच ओढले. पाच मिनिटं काटा जागचा हलला नाही. मात्र तपासणी इथे थांबवणं धोक्याचं आहे. पेडल मोकळं असताना डायफ्रॅमच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूमच असतो, त्यामुळे फाटका डायफ्रॅमही या अवस्थेत निर्दोष दिसू शकतो. म्हणून दुसऱ्या माणसाला पेडल दाबून धरायला सांगितलं. दाबताना आतली जागा बदलते, तेवढ्यापुरता काटा थोडा पडतो. त्यानंतर तो स्थिर राहिला पाहिजे आणि राहिला. डॅशबोर्डखाली पेडलच्या रॉडपाशी कान लावला तर हवा शिरण्याची सततची फुसफूसही नव्हती. बूस्टर निर्दोष होता.

ग्रोमेट हातात घेऊन वाकवला तेव्हा त्याच्या आतल्या ओठावर, व्हॉल्व्ह बसतो त्या कडेला, केसासारख्या बारीक भेगांची पूर्ण रांग उघडली. वरून, जागेवर असताना, तो काळा कुळकुळीत आणि चांगला दिसत होता. व्हॉल्व्हमध्ये इंजिनच्या बाजूने तोंडाने फुंकर मारली तर हवा मंद पण सरळ पलीकडे गेली. तिथे ती अडायलाच हवी होती. या दोन दोषांमुळे 22 इंचांचा चांगला व्हॅक्यूम बूस्टरमध्ये येत होता आणि काही सेकंदांत निघून जात होता.

तिसरा दोष होजमध्ये सापडला. मूळ होजच्या जागी पेट्रोलचा पाइप वापरला होता. तो आतून बाहेर ढकलणारा दाब सोसतो. बाहेरून आत ओढणारा व्हॅक्यूम आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची धग सोसण्यासाठी तो बनलेला नसतो. वळणावर तो चपटा होऊन आतली वाट जवळपास बंद झाली होती. थंड इंजिनाला हे दिसत नव्हतं, गरम झाल्यावर पाइप चिमटीत धरला की कळत होतं.

बूस्टरचा विषय संपवण्याआधी मास्टर सिलिंडरचे दोन नट काढून, ऑइलच्या लाइन न सोडता, तो जरासा पुढे ओढला आणि मागच्या तोंडात बोट फिरवलं. कोरडं होतं. ही तपासणी टाळू नये. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गळत असेल तर ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये ओढलं जातं, बाहेर थेंबही दिसत नाही, टाकीतली पातळी मात्र उतरत राहते आणि कधीकधी एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो. तिथे ओल सापडली तर मास्टर सिलिंडर आणि बूस्टर दोन्ही बदलायचे. ऑइल प्यायलेल्या रबराचा भरवसा नाही.

दुरुस्ती

व्हॉल्व्ह, ग्रोमेट आणि ब्रेक बूस्टरसाठीचा 11/32 इंची व्हॅक्यूम होज, दोन्ही टोकांना क्लिपा. सगळ्या दुरुस्तीतले सर्वांत स्वस्त भाग हेच. ग्रोमेट बसवताना आतल्या ओठाला किंचित सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं पेट्रोलियम ग्रीस अशा रबराला फुगवतं. होजचं दुसरं टोक मॅनिफोल्डच्या अशा तोंडाला हवं जे थ्रॉटलच्या खाली आहे. कार्ब्युरेटरवरच्या थ्रॉटलच्या वरच्या तोंडाला आयडलिंगला व्हॅक्यूमच नसतो.

मग इंजिन. पीसीव्ही होजचं (इंजिनच्या पोटातला वायू इनलेटमध्ये नेणाऱ्या नळीचं) टोक चिरलेलं होतं. तेवढा तुकडा कापून होज पुन्हा बसवल्यावर 9 चे 10 इंच झाले. टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते ते, पाहिलं तर व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमने ठिणगी आणखी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी काढून, बूच लावून, आयडलिंगला 6 अंश. गरम कॅमला हे फार मागे आहे. ठिणगी उशिरा पडली की प्रत्येक स्फोटातून कमी काम मिळतं, मग थ्रॉटल आणखी उघडावा लागतो आणि व्हॅक्यूम आणखी पडतो. टायमिंग 14 अंशांवर आणलं. आरपीएम वाढले, ते आयडल स्क्रूने परत 900 वर उतरवले. थ्रॉटल मिटत गेला तसा काटा 12 वर चढला.

इथे एक चूक इंजिन फोडू शकते. या डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागात) आरपीएम वाढतील तशी ठिणगी लवकर पाडणारा वजनांचा यांत्रिक ॲडव्हान्स 30 अंशांचा होता. 6 आणि 30 मिळून 36, हे या इंजिनाला योग्य. आयडलिंगचे 14 करून 30 तसेच ठेवले तर वरच्या आरपीएमला 44 अंश होतात आणि इंजिन नॉक होऊन (मिश्रण अवेळी स्फोटासारखं जळून) पिस्टन जातात. म्हणून डिस्ट्रिब्युटरमध्ये ॲडव्हान्सचा पल्ला अडवणारं बुश बसवून यांत्रिक भाग 22 अंशांवर आणला आणि 3000 आरपीएमच्या वर टायमिंग लाइटने एकूण 36 असल्याची खात्री केली.

व्हॅक्यूम ॲडव्हान्सची नळी मॅनिफोल्डच्या पूर्ण व्हॅक्यूमवर घेतली. त्याचा डबा मात्र आयडलिंगच्या व्हॅक्यूमपेक्षा किमान 2 इंच आधीच पूर्ण खेचला जाणारा हवा, नाहीतर तो अर्ध्यावर थरथरतो आणि आयडलिंग डळमळतं. इथे 10 इंचांच्या आत पूर्ण खेचणारा डबा वापरला. शेवटी कार्ब्युरेटरचे दोन्ही मिक्स्चर स्क्रू पाव-पाव वळसा आलटून पालटून फिरवत काटा सर्वांत वर जाईल तिथे ठेवले. आयडलिंगला 13 इंच, काटा बराच शांत. कॅमला हात न लावता 4 इंच परत मिळाले. 11 इंची डायफ्रॅमला याचा अर्थ सुमारे 80 किलो जास्त जोर.

चाकांकडे

बूस्टर कितीही चांगला असला तरी लायनर पकडत नसतील तर पेडल कडकच वाटणार. कडक ब्रेकने चालवलेल्या गाडीत हे बहुतेक वेळा दिसतं: ब्रेक अर्धवट दाबून ओढत राहिल्याने पॅड तापतात आणि त्यांच्यावर काचेसारखी चकाकी चढते. इथेही तेच. पॅडची जाडी भरपूर होती, म्हणून सपाट फरशीवर 80 नंबरचा एमरी पेपर ठेवून त्यावर आठच्या आकारात घासले, चकाकी जाईपर्यंत. 3 मिलिमीटरच्या खाली गेले असते तर सरळ बदलायचे. डिस्कची जाडी तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याशी ताडून पाहिली. कॅलिपरच्या सरकत्या पिनांवर गंज होता. तो साफ करून ब्रेकसाठीचं ग्रीस लावलं.

मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट सैल होतं. या रचनेत आपोआप होणारं ॲडजस्टमेंट गाडी मागे घेताना ब्रेक दाबला तरच होतं, आणि कित्येक गाड्यांत ते यंत्र गंजून अडकलेलं असतं. तारा-चाक (ॲडजस्टमेंटचं दातेरी चाक) हाताने फिरवून लायनर हलका घासेल इतकं आणलं, मग चाक मोकळं फिरेपर्यंत मागे घेतलं. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा ड्रममधली धूळ हवेच्या दाबाने उडवायची नाही. ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने पुसायची, मास्क लावून.

पुढचे दोन्ही रबरी ब्रेक होज जुने होते. ब्रेक सोडल्यावर चाक लगेच मोकळं फिरतं का हे पाहिलं. होज आतून सुजला की तो व्हॉल्व्हसारखा वागतो, ऑइल कॅलिपरकडे जाऊ देतो, परत येऊ देत नाही. चाकं मोकळी होती, पण बाहेरून भेगा दिसत होत्या, म्हणून होज बदलले. इथे काटकसर करायची नाही.

लाइन उघडल्या म्हणून हवा काढणं आलंच. ऑइल डॉट 3 किंवा डॉट 4. सिलिकॉनचं डॉट 5 यात मिसळायचं नाही. सगळं जुनं ऑइल बाहेर काढायला साधारण एक लिटर पुरतं. क्रम मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाचा आधी: डाव्या स्टिअरिंगच्या या गाडीत मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. पेडल संथ दाबायचं आणि तळाला आपटू द्यायचं नाही. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये कप रोज जिथवर जातात त्याच्या पुढे गंजाचा पट्टा असतो. पेडल तळापर्यंत नेलं की कप त्यावर घासून चिरतात आणि हवा काढताना चांगला मास्टर सिलिंडर निकामी होतो. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की हा धोका टळतो. रंगावर ऑइल सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवायचं.

पॅड डिस्कवर रुळवण्यासाठी मोकळ्या जागी 50 च्या वेगावरून 15 पर्यंत, पूर्ण न थांबता, आठ-दहा मध्यम ब्रेक, मध्ये थंड व्हायला अंतर, आणि शेवटी पेडल दाबून न ठेवता गाडी उभी.

निकाल आणि न केलेली कामं

दुरुस्तीनंतर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली स्पष्ट खचतं. इंजिन बंद करून दहा मिनिटांनीही पहिले दोन दाब हलके लागतात. आयडलिंगला सलग चार वेळा दाबलं तरी चौथा दाब पहिल्यापेक्षा किंचितच जड.

बूस्टर बदलला नाही, त्यामुळे त्याच्या पुढच्या पुशरॉडची फट जशी होती तशी राहिली. ज्यांना बूस्टर खरंच बदलावा लागेल त्यांनी ही फट मोजल्याशिवाय मास्टर सिलिंडर आवळू नये. रॉडच्या टोकावर मऊ मातीची गोळी ठेवायची, मास्टर सिलिंडर बसवून परत काढायचा आणि चेपलेल्या मातीची जाडी मोजायची. अर्धा मिलिमीटर असावी. रॉड लांब राहिला तर ऑइल परत यायचं बारीक छिद्र झाकलं जातं, काही किलोमीटरवर पॅड तापून चाकं जॅम होतात. आखूड राहिला तर पेडलची सुरुवातीची चाल वाया जाते.

मास्टर सिलिंडरचा बोअर 28.6 मिलिमीटरवरून 25.4 वर आणला असता तर त्याच जोरात ऑइलचा दाब सुमारे 27 टक्के वाढला असता, पेडलची चालही तेवढीच वाढली असती. या गाडीला गरज पडली नाही. व्हॅक्यूमची टाकीही लावली नाही. टाकीने मदतीसह पेडल किती वेळा दाबता येतं ती संख्या वाढते. व्हॅक्यूमची पातळी इंजिन देईल त्याच्या वर जात नाही.

एक मर्यादा उरते. दर 300 मीटर उंचीला सुमारे 1 इंच व्हॅक्यूम कमी होतो. समुद्रसपाटीला 13 इंच देणारं इंजिन 1200 मीटरवर 9 च्या आसपास येतं, म्हणजे पुन्हा जुनी तक्रार. घाटात नेहमी चालणाऱ्या गाडीला इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लागेल. कारखान्यातूनच असा पंप बसवून आलेल्या नव्या गाड्या भंगारात निघतात, त्यांचा पंप 12 व्होल्टवरच चालतो. तो इग्निशनमधून रिले आणि फ्यूज लावून जोडायचा. 14 इंचांच्या खाली सुरू आणि 20 ला बंद करणारा व्हॅक्यूम स्विच बूस्टरच्या बाजूला लावायचा. मॅनिफोल्डकडच्या फाट्यावर आणखी एक एकदिशा व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर पंप सगळा वेळ इंजिनातली हवा ओढत बसेल आणि स्विच कधीच बंद होणार नाही.